पकड ढिली का पडायची

सुट्या भागांच्या दुकानात माझ्यापुढे बाप आणि त्याची मुलगी उभे होते. त्यांची गावोगाव ओढून नेऊन ओंडके कापायची फिरती करवत-गिरणी होती.

"काका, परत व्हॉल्व्ह?" दुकानदाराने विचारलं.

"नको, नुसतं तेल दे. बिघाड सापडला."

"ओंडक्याची पकड मधेच ढिली पडायची, तोच?"

"तोच. परवा ओंडका माझ्या पायावरच आला असता! मी आपला व्हॉल्व्ह बदलत बसलो. ही म्हणाली, बाबा, गिरणी नव्या जागी ओढून नेली की मगच असं होतं."

"खड्ड्यांनी पकडीला तेलाचा दाब देणाऱ्या पंपाची वायर सैल व्हायची," मुलगी म्हणाली. "घट्ट बांधली, झालं."

"झालं म्हणे! दुपारभर गिरणीखाली पडून शोधलीस!"

"बाबा, पुरे."

"का पुरे? सांगू दे की!"

"मग आता पकडीच्या लिव्हरवर कोण, काका?"

"हीच. आणि ओंडक्यापाशी मी, बिनघोर."