गैरहजेरीला पुरावा

तुम्हाला सांगते, यंदा आमचं मॅनेजमेंटचं जर्नल इतकं वाढलं, की परदेशातूनही लेख यायला लागले आणि ते तपासायला माणसं पुरेनात. मग एक लेख मीच लालबागला घरी आणला. विषय होता मुंबईच्या गिरण्यांमधली गैरहजेरी. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कामगार अचानक कुठे जायचे, हे लेखकाला काही केल्या उमगत नव्हतं.

बाबांची अख्खी नोकरी गिरणीत गेलेली. ते हसतच सुटले. "अगं, गणपतीला गावी जायचो!"

लेखकाला तसं कळवलं, तर त्याचा उलट प्रश्न, "याला पुरावा काय?"

बाबा म्हणाले, "लिही, मी स्वतः गैरहजर होतो."

"मग तुमचं नाव छापू?"

बाबा दचकले. "नाव नको गं! मुकादम अजून वरच्याच मजल्यावर राहतो. त्याला मी दरवर्षी आजी वारल्याचं सांगायचो."