साहेबाची पिवळी दारू

कर्जत स्टेशनात खोपोलीच्या गाडीला अजून वेळ होता. माझ्या बाकामागं दोन बाया लाकडाच्या मोळ्यांना टेकून बसल्या होत्या.

“चिमे, तुझ्या पोशाची मागणी मोडली म्हंतात. खरं काय गं?”

“कोन म्हंतं?”

“सगळी वाडी म्हंती. मोहाची दारू नाय नेलीस व्हय तू?”

“पोशाच नको म्हनला. भिवपुरीला साहेबाच्या बंगल्यावर कामाला हाय ना तो. साहेबानं त्याला बिअरची बाटली दिलेली. आतली दारू पिवळी. उन्हात धरली तर मधावानी दिसं. म्हनला, मंगळीच्या बापाला हीच नेऊ.”

“मंग?”

“मंग म्हाताऱ्यानं रीतीपरमानं पारख केली. पेलाभर चुलीत ओतली.”

“भडकली आसंल.”

“कशाची भडकती! नुसता फेस आला न् चूल इझली.”

“आगं बाय! मागणीच्या दिशी?”

“पोशा सांगत व्हता, ही दारू हलकीच असती, पेटत नाय. पन ऐकतो कोन? म्हातारा म्हनला, पानी घेऊन आलात माझ्या दारात. इझल्या चुलीम्होरं मी पोर देनार नाय.”

“म्हंजे मोडलीच की गं.”

“आमी उठून अंगनात आलो. समदेच भायेर आले.”

“आन मंगळी?”

“ती आतच राहिली. कोनी सांगितलं नव्हतं तिला. फुंकणी घेऊन बसली, न् चूल परत पेटवली.”