नऊ दिवसांचं पत्र

सरला : तासाभराचं तर काम आहे, वहिनी. नंदुरबारला जाते, हेडमास्तरांना विचारते नि आल्या पावली परत येते. आज बारा तारीख, नाशिकच्या कॉलेजातून अजून चिठ्ठी नाही की चपाटी नाही.

धनू : आणि ह्या मिरच्या? पाऊस येवाच्या आधी तिखट कुटायचं शे. पोतं बघ, अजून अर्धं भरेल शे.

सरला : खुडतेच आहे ना देठ. बोटं बघ कशी झालीत. मॅट्रिकच्या परीक्षेतसुद्धा एवढी दुखली नव्हती.

धनू : ताई, एक विचारू? मानसशास्त्र म्हणजे काय?

सरला : मन कसं चालतं त्याचा अभ्यास. माणूस घाबरतो का, विसरतो का, एखादी गोष्ट एकदाच सांगून ध्यानात कशी राहते, असं सगळं.

धनू : सासूच्या मनाचं येतं का त्याच्यात?

सरला : त्याचा वेगळा पेपर असेल. दोन दिवस चालत असेल तो.

धनू : आणि मास्तरीण व्हायला आरोग्य, इतिहास, शेती, हे बठ्ठं कशाले?

सरला : आईसारखंच बोललीस. ती म्हणते दोन वर्षांचं ट्रेनिंग पुरे. पण ट्रेनिंगमध्ये कसं शिकवायचं ते सांगतात गं. मला पोर शिकतं कसं ते बघायचंय. तुझंच घे. क, ख, ग रोज विसरायचीस. ‘कापूस’ एकदाच लिहून दाखवला, तो कायमचा बसला. का बसला? त्याला मन लागतं, घर लागतं, शेत लागतं. एका विषयात मावतच नाही ते. म्हणून तर ती चार वर्षांची पदवी... थांब. आरोग्य नि शेती तुला कुणी सांगितलं?

धनू : देठ खुड, ताई.

सरला : विषय मी घरात कुणालाच सांगितले नव्हते. वहिनी, माझ्याकडे बघ.

धनू : वाचलं मी.

सरला : कशात वाचलंस?

धनू : मागच्या आठवड्यात, बुधवारी, भिकन पोस्टमन आला होता. तू विहिरीवर, आई मळ्यात. त्यानं पाकीट मन्हा हातात दिलं. तूच म्हणाली होतीस ना, दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नही, हाती येईल ते आपलं आपण वाचायचं. वर तुझं नाव होतं. ते मी एका दमात वाचलं, ताई. इतका आनंद झाला! म्हटलं, सगळं वाचते आणि तुलेच ऐकवते. संध्याकाळपर्यंत होई जाईल असं वाटलं.

सरला : मग?

धनू : मग रोजच्या दोन ओळी झाल्या. पत्र तिखटाच्या बरणीत ठेवायची. आई देवळात गेली की काढायची.

सरला : नऊ दिवस!

धनू : अक्षर बारीक शे त्यांचं.

सरला : हजर कधी व्हायचं होतं?

धनू : दहाले.

सरला : आकडे तर तुला आधीपासून येतात.

धनू : आकडा पहिल्याच दिवशी दिसला. कशाचा शे, ते आठ तारखेले समजलं.

सरला : म्हणजे हातात दोन दिवस होते. सकाळच्या गाडीनं निघाले असते तर पोचले असते मी.

धनू : पोचली असतीस. म्हणून ते दोन दिवस मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत बसले.

दगूबाई : (घरातून) धनू! तुन्हा बाप रविवारले येणार शे, लोटनना लगीननी तारीख ठरावाले! तिखट आजच व्हायाले पाहिजे, आयकं का?

धनू : हो आई, व्हई ऱ्हायनं!

सरला : मला विचारायचं तरी होतंस.

धनू : काय विचारू? मी तुमच्या घरात, तू आमच्या घरात, असंच ठरेल शे ना? मी तुन्हा भाऊच्या, गिरधरच्या घरात आले. आता तू मन्हा भाऊच्या, लोटनच्या घरात जायचं. मॅट्रिक होऊ द्या म्हणाले आबा, तर तेवढं थांबले आमचे. तू गेली नहीस की बाप गाडी जुंपून येईल माले घ्यायला. शेजारच्या जान्याच्या सुनेचं तू पाहिलं, तिचंबी असंच साटंलोटं मोडलं. तिले नेलं आणि अंगावरचं पोर इकडेच ठेवलं. महिनाभर तिचा पदर ओला राहायचा. माले पाचवा शे, ताई.

सरला : माहीत आहे.

धनू : लोटन वाईट नही. कष्टाळू शे. फक्त पुस्तक दिसलं की त्याले झोप येते.

सरला : आबा म्हणाले होते, पत्र आलं तर बघू.

धनू : येणार नही असं वाटलं, म्हणून म्हणाले.

सरला : वेळेवर दिलं असतंस तर मी गेले असते का गं?

धनू : माले काय माहीत. तेच तर पाहायचं नव्हतं माले.

सरला : तुला पाचवा आहे हे ठाऊक असून मी रोज दारात उभी राहत होते, पोस्टमनसाठी.

धनू : मी चुलीपासून बघायची तुले. ते पाकीट बरणीत, आणि तू दारात. घे, हे घे पत्र. डोळ्याले हात लावू नको, कागदाले तिखट लागेल शे.

सरला : नको. तूच वाच.

धनू : ताई, नको ना.

सरला : मला ऐकवणार होतीस ना? मग वाच. मोठ्यानं.

धनू : ‘कुमारी सरला यांस... शिक्षणशास्त्राच्या पदवी... अभ्यासक्रमासाठी आपली निवड झाली आहे... हे कळविण्यास आनंद होतो. दिनांक दहा जून, एकोणीसशे चौसष्टपर्यंत... मूळ दाखल्यांसह हजर व्हावे. मुदतीनंतर येणाऱ्या विद्यार्थिनीची निवड...’

सरला : थांबलीस का?

धनू : ताई...

सरला : येतो तुला तो शब्द. परवाच पाटीवर लिहून आणलास, अर्थ विचारलास. मीच सांगितला.

धनू : ‘...रद्द समजण्यात येईल.’

सरला : बरोबर वाचलंस.