त्रेसष्ट नंबरचं पान

— नाही नाही, ते दार ओढू नका ताई, आधी उचलायचं, मग डावीकडे — हां, बघा, आलं ना हातात? बिजागरी गेलीय त्याची. तीन वर्षं सांगतोय कमिटीला. कमिटी म्हणते, काका, हल्ली वाचनालयात येतं कोण? अहो, कपाटाचं दार हातात येतं तिथं येणार कोण! राहू द्या, भिंतीला टेकवून ठेवा. बसा तुम्ही. त्या स्टुलावर नको, त्यावर वेदीच्या फुलांची बादली असते, ओलं असेल. ही खोली वाचनालयाची आहे असं दारावर लिहिलंय, पण आत काय काय आहे बघा — घडीच्या खुर्च्या, फुलांच्या बादल्या, बिघडलेला माइक, आणि त्यात उरलेल्या जागेत पुस्तकं. भिंतीपलीकडे चर्चचा ऑर्गन. रविवारी तो सुरू झाला की सगळ्या काचा थरथरतात, मंडळी उपासनेला उभी राहते आणि इकडे माझी पुस्तकं एकेक करून आडवी होतात.

तर काय म्हणत होतात — रजिस्टर. मघाशी सांगितलं ना, उंदरांनी खाल्लं. काय? आधी ओल म्हणालो होतो? बरं मग, ओलही आली आणि उंदीरही आले. ओल आली की उंदीर येत नाहीत असं कुठं लिहिलंय? तुम्हाला कम्प्युटरवर वाचनालय चढवायचंय ना, चढवा, खुशाल चढवा, पुस्तकं मोजून देतो — एक हजार एकशे बारा. जुन्या नोंदी कशाला हव्यात? कुणी काय वाचलं, ते वाचून झालं. झाडून काढलेला केर परत घरात आणतं का कुणी?

आणि वाचतात तरी कसे, तेही ऐका, आता हे तुमच्याच गळ्यात पडणार आहे. एकीनं पुस्तकात खूण म्हणून केसांचा आकडा घातला, तो गंजून सहा पानं गेली. एक निवृत्त मास्तर आहेत, ते लेखकाच्या चुका लाल शाईनं सुधारून देतात, आणि लेखकाचं बरोबर असतं ताई, मास्तरांचंच चूक. आणि एक कोण आहे देव जाणे, रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहितो. मी खोडरबर घेऊन बसतो. खोडायचं म्हणजे आधी वाचावं लागतं, म्हणजे माझंही वाचन गेलं! घरात कुणी वारलं की पुस्तकांची खोकी इथं आणून टाकतात. दान! एकानं टेलिफोनची डिरेक्टरी दान केली, त्यातली निम्मी माणसं आता पलीकडच्या दफनभूमीत आहेत. प्रवचनांचे अकरा खंड आहेत ते वरचे, ते कुणी नेत नाही. पाळकसाहेबसुद्धा नाही.

काय म्हणालात? परत सांगा. — त्रेसष्ट नंबरचं पान आधी शोध, फोटो काढून पाठव. असं म्हणाले सेक्रेटरी? याच शब्दांत? बाकी नोंदी सावकाश, त्रेसष्ट नंबर आधी.

हं.

नाही, काही नाही. पाणी हवंय का तुम्हाला? मला हवंय.

तुम्ही विचारलं नाही सेक्रेटरींना, त्रेसष्टच का म्हणून? विचारायचं कशाला म्हणा, तुम्ही नव्या, सांगितलेलं काम करता. मीही तसलाच. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो, चिठ्ठी आली की पुडी बांधायची, विचारायचं नाही. आणि सांगायचं तर त्याहून नाही. या गावात कुणाला कसली गोळी लागते हे मला जेवढं माहीत आहे ना, तेवढं त्यांच्या आयांना माहीत नाही. कुणाचं काही कधी बाहेर पडलं? विचारा कुणालाही. आमची ही विचारायची, अहो, त्या अमक्या बाई का आल्या होत्या? मी म्हणायचो, पाय मोकळे करायला. चाळीस वर्षं सगळं गाव आमच्या दवाखान्यात पाय मोकळे करायला येत होतं. म्हणून तर निवृत्त झाल्यावर पाळकसाहेबांनी वाचनालयाची किल्ली माझ्या हातात दिली — म्हणाले, काका, तुमच्या पोटात गोष्ट राहते.

राहते! माझं नशीब. औषधाची गोष्ट राहिली. पुस्तकाची नाही राहिली. पुस्तक म्हणजे काय गुप्त ठेवायची गोष्ट आहे, असं वाटायचं मला. पुस्तक काय कुणी लपवून वाचतं?

एक बाई यायच्या. नाव सांगणार नाही. दर रविवारी, उपासना सुटली की मंडळी बाहेर चहाला थांबते तेवढ्या वेळात. सासू बाहेर उभी असायची, म्हणून घाईत. पण पुस्तक निवडायच्या कशा! इथं उभ्या राहून दोन पानं वाचायच्या, मग मधलं एक, मग हो किंवा नाही. लाल शाई नाही, आकडा नाही, वेळेवर परत. एवढ्या वर्षांत मला एक वाचक मिळाला होता ताई. मी त्यांच्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवायचो. आधी विणकामाचं न्यायच्या, मग प्रवासवर्णनं, मग — जाऊ द्या.

तर एका बुधवारी त्यांचा नवरा आला. माणूस गोड. गायकमंडळात खर्जातला आवाज, आणि हाताला कसब — ती खिडकीखालची फळी आहे ना, ती त्यांनीच बसवून दिलेली. म्हणाले, काका, हिचा वाढदिवस येतोय, एखादं पुस्तक घ्यावं म्हणतो, हिला काय आवडतं ते तुमच्याइतकं कोण सांगणार? तुमच्याइतकं कोण सांगणार! झालं. कुणी कधी विचारलंच नव्हतं हो मला. मी रजिस्टरातलं त्यांचं पान उघडलं, त्रेसष्ट नंबरचं, चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचून दाखवलं. चौदा पुस्तकं. विणकाम. प्रवास. मोटार चालवायला शिका. नोकरीचा अर्ज कसा लिहावा. बायकांचे कायदेशीर हक्क — ते दोनदा. आणि ते "दोनदा" मी जोर देऊन म्हणालो. कौतुकानं! बघा, तुमची बायको किती बारकाईनं वाचते, असं दाखवायला. सेक्रेटरीसाहेब हसले, माझ्या खांद्यावर थाप मारली, म्हणाले —

काय? सेक्रेटरीसाहेब म्हणालो मी?

तेव्हा नव्हते ते सेक्रेटरी. गेल्या वर्षी झाले. पण आता काय, निघालंच तोंडातून. हे असं होतं बघा. चाळीस वर्षांचं झाकण एकदा सैल झालं की परत बसत नाही.

हसले, म्हणाले, काका, तुमचं काम म्हणजे काम. आणि गेले. त्या रविवारी सासूबाईंनी पुस्तकांची पिशवी आणून टेबलावर ठेवली, म्हणाल्या, तिला आता वाचायला वेळ नाही. बाई स्वतः पुढल्या महिन्यात दिसल्या. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. जिन्यावरून पडली म्हणे. मंडळी म्हणाली, अरेरे, जपून गं. मी कंपाउंडर माणूस ताई. जिन्यावरून पडलेल्या माणसाचा चेहरा कसा सुजतो आणि — मला शिकवायचं? मी बाकावर बसलो होतो त्यांच्यामागं तिसऱ्या रांगेत, आणि पाळकसाहेब काय बोलले त्या दिवशी, एक शब्द आठवत नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. सांगायला नको होतं, पण मग कुणाला सांगणार? ही भाकऱ्या... नाही, ही कपडे वाळत घालत होती. हातातला चिमटा तसाच राहिला. म्हणाली, चाळीस वर्षं मला कधी एक अक्षर सांगितलं नाहीत, आणि त्याला वाचून दाखवलंत? एवढंच.

मी गेलो का त्यांच्याकडे? पाळकसाहेबांना सांगितलं का? नाही. काय सांगणार होतो? की मी मूर्ख आहे? आठ महिने मी रविवारी उपासना सुटायच्या आत निघून जायचो, वाचनालय बंद आहे अशी पाटी लावून. मग एका गुरुवारी दुपारी, मी एकटाच इथं, फळ्या पुसत होतो, आणि दारात त्या उभ्या. हाताला सहा वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात बॅग. मोठी बॅग. मला काय सुचावं? सत्तरी ओलांडलेला माणूस मी, म्हणालो, पुस्तक हवंय का? क्षमा मागायची ती राहिली आणि पुस्तक हवंय का! त्या म्हणाल्या, हो काका. हिला वाचायला काहीतरी द्या. प्रवास लांबचा आहे.

मी प्राण्यांचं चित्रांचं पुस्तक दिलं. आणि हात बघा माझा — सवयीनं रजिस्टरात लिहिलं! तारीख, पुस्तक, त्रेसष्ट नंबर. त्या बघत होत्या. फक्त म्हणाल्या, परत कसं करू? म्हटलं, पोस्टानं पाठवा, नाहीतर नका पाठवू. मुलीनं मागं वळून विचारलं, आजोबा, यात कासव आहे का? आहे म्हटलं. आणि गेल्या.

संध्याकाळी नवरा आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. काका, ती इथं आली होती? मी म्हणालो, नाही. डोळ्यांत बघून म्हणालो. आयुष्यात तेवढं एक खोटं मी नीट बोललो.

तीन आठवड्यांनी पुस्तक आलं. खाकी कागदात, वर तिकडचा पत्ता, आत चिठ्ठी — काका, तिला आवडलं. आता मला एखादं पाठवाल? पुस्तक मागितलं, ताई. माझ्याकडून. ही म्हणाली, बसलाय काय, उठा, दोरा आणा. तेव्हापासून दोन वर्षं महिन्याला एक पार्सल. ही बांधते, मी पोस्टात नेतो. तिकडे त्या एका शाळेच्या ऑफिसात लागल्यात, आणि —

नाही. गाव नाही सांगणार. गाव राहू द्या.

पोस्टातल्या क्लार्कनं घोळ केला. आपल्याच मंडळीतला, भला माणूस, चहा पिताना सेक्रेटरींना म्हणाला, काकांचं वाचनालय लांब पोचलं हो, दर महिन्याला पार्सल असतं! त्यानं कौतुकानंच सांगितलं. मला त्याच्यावर रागावता पण येत नाही. आणि पुढच्याच मीटिंगमध्ये ठराव — जुन्या नोंदी कम्प्युटरवर घ्याव्यात. माझी किल्ली तुम्हाला द्यावी. सगळ्यांनी हात वर केले. म्हणाले, काकांना आता विश्रांती हवी.

आहे, रजिस्टर आहे. या टेबलाच्या खणात आहे. तारखा आहेत, पुस्तकं आहेत आणि पत्ताही आहे, माझ्या अक्षरात, ठळक. फाडलं का नाही म्हणता? दोन महिने रोज खण उघडतोय. हात होत नाही. नियम म्हणून नाही हो, नियम गेला खड्ड्यात. त्या पानाच्या वरच्या अर्ध्यात मी काय करून बसलो ते आहे, आणि खालच्या अर्ध्यात, त्यांनी पुन्हा मागितलेली पुस्तकं. एकेक करून. तेवीस. मी फाडलं तर दोन्ही जातं. हे कुणाला समजावून सांगू? हिला सांगितलं तर म्हणते, तुम्हाला तुमची पावती प्यारी आहे. पावती म्हणाली त्याला!

— वाजतोय तुमचा. फोन. पर्समध्ये.

त्यांचाच ना? उचला. नाही, उचलाच, नाही उचलला तर ते स्वतः येतील, पाच मिनिटांवर दुकान आहे त्यांचं. काय सांगायचं ते — मी काय सांगणार तुम्हाला. नोकरी त्यांच्या हातात आहे तुमची. मी ओळखतही नाही तुम्हाला, तासाभरापूर्वी आलात तुम्ही, आणि मी सगळं ओतून मोकळा झालो. उचला.

. . .

"सगळी कपाटं बघितली, रजिस्टर नाही, काकांना काही आठवत नाही, म्हातारे झालेत." असं म्हणालात. मी ऐकलं. म्हातारे झालेत म्हणायची गरज नव्हती, पण चाललं. आवाज नाही हलला तुमचा. माझा हलला असता.

हे? हे मूठभर कागद? तुम्ही बोलत होतात तेवढ्यात फाडले. एकच पान निघेना, शिवण घट्ट, शेजारची तीनही आली बरोबर. शेजारच्या पानांवरच्या लोकांचं काय जातंय, त्यांनी वर्षानुवर्षं एक पुस्तक नेलेलं नाही. जाळून टाकीन घरी. ही काडी लावेल.

रडत नाहीये मी. धूळ आहे इथं, बघताय ना.

आता जा तुम्ही. खरंच जा, ते आले तर तुम्ही इथं दिसायला नको. उद्या या सकाळी दहाला, पुस्तकं मोजू, पहिल्या कपाटापासून. आणि ताई, मला काही विचारू नका उद्या. मला विचारलं की मी सांगतो. चला, निघा.