अकराची कोरी चौकट

हॅकरांच्या मेळाव्यातली कोड्यांची स्पर्धा संपायला दहा मिनिटं उरली होती. कॉफीच्या रांगेत सफाईवाल्या मावशींच्या पुढे एका टीमचा कॅप्टन आणि त्याची जोडीदारीण तावातावाने भांडत होते.

"उत्तर द्यायची शेवटची एकच संधी उरलीये, आणि तू स्वच्छतागृहाच्या दारावरचा साफसफाईचा तक्ता सोडवतोयस?"

"तक्ता नाही, सांकेतिक संदेश आहे तो. नऊला सही, दहाला सही, अकराला कोरं, बाराला परत सही."

"फरशी पुसून सही करतात, अकलेच्या कांद्या!"

"मग अकराला का नाही केली?"

"जेवायला गेलं असेल माणूस!"

"अकराला कोण जेवतं?"

"आपण सोडून सगळे. कालपासून चिप्सवर ठेवलंयस आम्हाला."

मावशींना राहवेना. "अरे बाळा, त्या सह्या माझ्याच आहेत. अकराला गुडघा धरला, म्हणून जरा टेकले होते."

कॅप्टनने मावशींना नीट न्याहाळलं आणि तो जोडीदारणीच्या कानाशी लागला. "बघितलंस? आयोजकांनी माणूस पेरलाय. दिशाभूल करतायत, म्हणजे माझं उत्तर बरोबर आहे."

"गाढवा, त्या खरं बोलतायत!"

"इतकं खरं कोणी उगाच बोलतं का?" म्हणत त्याने मोबाइलवर बटण दाबलं. पडदा लाल झाला. उत्तर चूक, टीम बाद.

"झालं समाधान? आता माफी माग त्यांची."

तो मावशींकडे वळला आणि त्याने कोपरापासून हात जोडले. "मानलं तुम्हाला. आता तरी खरं उत्तर सांगा ना."