शेळीच्या कासेची पिशवी

संभाजीनगरच्या स्टँडवर वैजापूरची गाडी अजून लागली नव्हती. बाकावर राजाबाईंच्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

"मम्मी, उद्या वैजापूरला शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे. आता मी पिशवीत काहीच बदलणार नाय. आजी 'लई छान' म्हणाली ना?"

"म्हणाली. पण अंबिका, तुझी पिशवी तिनं खुंटीलाच टांगून ठेवली होती."

"मग खोटं बोलली?"

"नातीला कोण नावं ठेवील? वस्तू कशी झाली ते विचारायचं नसतं. वापरायला द्यायची आन् गप बघत बसायचं. आमच्या कंपनीत पण तसंच करतात."

"इथं कुणाला देऊ?"

मम्मी राजाबाईंकडं वळली. "मावशी, तुमच्याकडं कधी शेळ्या होत्या का?"

"व्हत्या की! आमचं सगळं घर शेळ्यांवरच चालायचं. " अंबिकानं पिशवी त्यांच्या हातात ठेवली. "काय गं हे, पोरी?"

"कासेला बांधायची पिशवी, आजी. करडांनी सगळं दूध पिऊ नये म्हणून. ही क्लिप अशी दाबा—"

"अंबिका, शिकवू नको."

राजाबाईंनी क्लिप दाबली, ओढली. बोटं घसरली. पोर श्वास रोखून बघत होती. 'छान' हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला, पण राजाबाईंनी तो गिळला.

"नाय गं उघडत."

"दोन्ही हातांनी दाबा ना."

"दुसऱ्या हातात करडू असतंय, बाई. ते गुमान थांबतंय व्हय? आम्ही लुगड्याच्या काठाची नाडी बांधायचो. एका हिसक्यात सुटायची."

अंबिकानं मम्मीची पर्स उचलून करडासारखी काखेत धरली आणि मोकळ्या हातानं क्लिप उघडू लागली. गाडी लागली, माणसं उठली, तरी तिची खटपट चालूच होती.