वजा झालेली विहीण

(स्थळ : निपाणी, बस्तीसमोरचे, म्हणजे जैन मंदिरासमोरचे, पटांगण. चिकोडीस निघालेल्या वऱ्हाडाच्या बैलगाड्या जुंपलेल्या. जिनदत्त हा नवरदेवाचा चुलता. राजमती ही नवरदेवाची आई. मष्णू हा गाडीवान. जिनदत्ताचे थोरले बंधू अण्णा, म्हणजे राजमतीचे यजमान, पुढच्या गाडीत बसलेले.)

जिनदत्त : परंतु वहिनी, समस्त वऱ्हाड गाड्यांत विराजमान झाले असता आपण एकट्याच कट्ट्यावर का बसलात?

राजमती : तुम्हीच उठवलंत की, भावजी.

जिनदत्त : मी? नवरदेवाच्या मातोश्रींना?

राजमती : मघाशी हात वर करून काय वरडलात?

जिनदत्त : ती घोषणा मी विचारपूर्वक रचली होती. "आपले वऱ्हाड आणि आपणांस न्यावयास आलेली नवरीकडची मंडळी येथे मिसळली आहेत. तरी नवरीकडच्यांनी बाजूस व्हावे. उरतील ते आपले. त्यांनी या गाड्यांत बसावे."

राजमती : मग झाले बाजूला. नवरीचा बाप माझा सख्खा भाऊ. मी त्या घरची लेक. मी नवरीकडची न्हाई तर कोण?

मष्णू : अक्का, बैलं चुळबुळाय लागल्यात. चढा की.

राजमती : थांब रं. असंच चढले तर चिकोडीला माहेरवाशीण म्हणून उतरीन, विहीण म्हणून न्हाई. जन्मात एकदाच माझं पाय माझ्या माहेरात धुतलं जाणार. ते मी सोडायचं न्हाई.

जिनदत्त : पण नियमात खोट नाहीच! एकात दुसरे मिळवावे, दुसरे काढून घ्यावे. पहिले जसेच्या तसे राहते. ज्वारीत तूर मिसळली, तूर वेचून काढली. काय उरले?

राजमती : ज्वारी.

जिनदत्त : सिद्ध झाले!

राजमती : ज्वारीचं झालं. ज्वारीचा दाणा काय तुरीचा नसतो, भावजी. मी दोन्हीकडची हाय.

जिनदत्त : थांबा, थांबा. हे विलक्षण आहे. नवरीकडचे काढता काढता आपल्यांतलेही निघून जातात... बरे, उलट करून पाहू. आपण सारे बाजूस झालो, तर उरेल तो वधूपक्ष.

राजमती : मग मी तिथनंबी उठले.

जिनदत्त : दोन्हींतून?

राजमती : दोन्हींतनं. आता सांगा, मी कुठं?

मष्णू : रस्त्यावर.

राजमती : बघा, ह्याला कळलं.

जिनदत्त : मग असे करू. नवरीकडचे काढावे, आणि काढलेले पुन्हा मिळवावे. आपण परत आलात!

मष्णू : आन् अक्कांच्या मागनं समदी चिकोडी चढली माझ्या गाडीत. बैलं मरतील, आप्पा.

जिनदत्त : खरेच की. हाही मोडला. मग हा नियम खरा ठरतो तरी कधी?

राजमती : ज्या दोन घरांत कधीच सोयरीक न्हाई, तिथं.

जिनदत्त : आपल्या लोकांत अशी दोन घरे मिळणे दुर्घट. तथापि आपण एकट्याच अडलात. एका मनुष्यासाठी नियम मोडीत काढावा काय?

राजमती : एकटी? तुमचा पुतण्या कुणाचा भाचा?

जिनदत्त : नवरीच्या वडिलांचा. अरेच्चा!

मष्णू : म्हंजे नवरदेवबी खाली उतरला म्हणा की! मग आमी चिकोडीला कुणाला घिऊन चाललोय?

जिनदत्त : नवरदेव गेला, नवरदेवाची आई गेली... वहिनी, माझ्या नियमाने लग्नच वजा झाले. आपण हसत का नाही?

राजमती : लई वरसं झाली, भावजी. माहेरी गेले की सासरची म्हणून पाट वेगळा. इथं काय बिनसलं की, जा तुझ्या चिकोडीला. आज मी गाडीतनं उतरले तवा तुमचे अण्णा बघत होते. एक शब्द बोलले न्हाईत.

जिनदत्त : मला वाटले, आपण पाणी प्यावयास उतरलात.

राजमती : मला बघायचं होतं, कोण विचारतंय.

जिनदत्त : मी विचारले खरे, पण नियमाच्या काळजीने. वहिनी, काढाकाढी न करताच बोलावले पाहिजे. मष्णू, कासरा धर. मंडळी, इकडे ध्यान द्यावे! जे जे आपले असतील, त्यांनी या गाड्यांत बसावे. ते दुसरीकडचेही असले, तरी आपलेच!

मष्णू : चढा, अक्का. हात द्या.

राजमती : आणखी एकदा म्हणा, भावजी. पुढच्या गाडीत ऐकू गेलं नसंल.